तिच्या नावाचं मधलं अक्षर

दादानं लग्न ठरल्याचं फोनवरून सांगितलं तेव्हा आई अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती. फोन मी स्पीकरवर धरला होता. "चली कोरियाची आसा," तो म्हणाला. आईनं ऐकलं केरीची. केरी आमच्याच पेडणे तालुक्यातलं गाव, तिला आनंदच झाला.

"केरीची? खंयच्या घरातली?"

दादा म्हणाला, "आई, कोरिया. आमची बोट जाता थंय."

आईनं हातातली सुंगटं सुपात ठेवली आणि मला विचारलं, "ह्यो कितें म्हणता गो?" मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मग तिनं एवढंच विचारलं, "नुस्तें खातात मगो थंय?"

मासे खात होते. आमच्यापेक्षा जास्त.

दादा मालवाहू बोटीवर इंजिनियर. वास्कोच्या एका एजन्सीतून लागला होता, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ती त्याला कुठल्याशा कोरियन बंदरातल्या चहाच्या दुकानात भेटली, पुढे दोन-तीन वर्षं फोनवरच ओळख वाढली. लग्न आमच्या अंगणात झालं. तिच्याकडून एक मावसबहीण तेवढी आली. तिची आई त्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती आणि वडील त्यांना सोडून येऊ शकत नव्हते.

लग्नात दादानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. आमच्याकडची रीतच ती. नाव आत्यानं सुचवलेलं, सुटसुटीत, सगळ्यांच्या जिभेला जमणारं. तिनं मला हळूच इंग्रजीत विचारलं, "तिथे काय लिहिलं?" मी वाचून दाखवलं. तिनं ते एकदा सावकाश म्हणून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. इथे मी हे वापरीन." तिचं खरं नाव तीन अक्षरांचं होतं. पहिलं आडनावाचं, पुढची दोन तिची. त्यातलं मधलं अक्षर आमच्यापैकी कुणालाच नीट म्हणता येत नसे. आई तर ते तोंडात घ्यायलाच घाबरायची. ती तिला 'बाय' म्हणायची, मलाही 'बाय'च म्हणायची. त्यामुळे स्वयंपाकघरातून हाक आली की आम्ही दोघी उठायचो.

माझं पेडण्याच्या बाजारात टायपिंग आणि डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पंचायतीचे अर्ज, जत्रेची बॅनरं, कुणी गेलं की श्रद्धांजलीचे बोर्ड. वहिनीचं कामही अक्षरांचंच निघालं, पण ते माझ्यासारखं नव्हतं. ती फॉन्ट बनवायची. सोलमधल्या एका कंपनीसाठी घरी बसून, लॅपटॉपवर. दादा बोटीवर गेला की ती जनेलाकडचं, खिडकीपाशचं मेज धरून बसायची आणि दिवसभर एकेक अक्षर रेखायची. दुपारी दुकान बंद करून मी जेवायला घरी यायची तेव्हा ती तशीच बसलेली असायची, शेजारी पेजेची वाटी निवलेली.

पहिल्या पावसाळ्यात मला तिच्या कामाचं काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, "तुमची मुळाक्षरं किती?" ती म्हणाली, "चोवीस." मी म्हटलं, "मग चोवीस अक्षरं काढायला तुला इतके महिने कशाला?" ती खूप हसली. मग तिनं कागद ओढला आणि मला 'घर' लिहून दाखवलं. आधी सुटं: ㅈ ㅣ ㅂ. ज, इ, प. मग तेच तिघं एका चौकोनात बसवले: 집. जिप. "आमच्याकडे अक्षरं ओळीत चालत नाहीत," ती म्हणाली. "एका खोलीत राहतात. पहिलं व्यंजन वर, स्वर त्याच्या बाजूला नाहीतर खाली, आणि शेवटचं व्यंजन सगळ्यांच्या पायाशी. खोली तेवढीच, माणसं कधी दोन, कधी तीन, कधी चार. जागा बदलली की प्रत्येकाला अंग चोरावं लागतं. म्हणून प्रत्येक खोली वेगळी काढायची."

"अशा खोल्या किती?"

"अकरा हजारांच्या वर."

मी कपाळाला हात लावला.

मला त्यातलं थोडंफार समजायचं, कारण मराठीतला असलाच छळ मी सोसला होता. मी दुकान काढलं तेव्हाचे जुने मराठी फॉन्ट फसवेच होते. पडद्यावर 'चिरंजीव' दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाईल दुसऱ्या मशीनवर नेली की चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी दोघांचा मिळून कचरा व्हायचा. पुढे युनिकोड आलं. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला नंबर, मशीन कुठलंही असो. आपल्या 'कि'मध्ये क वेगळा नंबर, वेलांटी वेगळा नंबर, दोघांना जुळवून दाखवायचं काम मशीनचं. वहिनी म्हणाली, त्यांच्याकडे दोन्ही सोयी आहेत. सुट्या अक्षरांना नंबर आहेत. आणि त्या अकरा हजारांवर खोल्यांनाही प्रत्येकीला स्वतःचा नंबर आहे, बाराखडीसारखा ओळीनं लावलेला, एकही जागा न सोडता. सुट्या अक्षरांवरून खोलीचा नंबर गणित करून काढता येतो, आणि खोलीवरून आतली माणसंही परत सुटी करता येतात.

"मग बरं आहे की," मी म्हटलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हा नव्हतं."

तिच्या लहानपणी कोरियन कॉम्प्युटरमध्ये जी जुनी यादी होती, तिच्यात नेहमीच्या वापरातल्या दोन-अडीच हजार खोल्यांनाच जागा होती. बाकीच्या कुणाला फारशा लागत नाहीत म्हणून सोडून दिलेल्या. तिच्या वडिलांनी मुलीचं नाव ठेवताना यादी कशाला बघितली असती? त्यांची नाशपातीची बाग. त्यांच्या आईच्या बोलीतला एक जुना शब्द त्यांना आवडायचा, पहाटेच्या पहिल्या उजेडासाठी वापरायचे तो. त्यातून त्यांनी मुलीचं नाव काढलं. त्या नावाचं मधलं अक्षर यादीत नव्हतं. शाळेचं प्रमाणपत्र आलं त्यात आधीचं अक्षर नीट, नंतरचं नीट, आणि मधली खोली मोडून त्यातली तिन्ही माणसं रस्त्यावर एका रांगेत उभी. वर्गातली मुलं ते तसंच तोडून तोडून म्हणायची आणि हसायची. ती रडत घरी गेली. वडिलांनी त्यावर पांढरा कागद चिकटवला, शाईच्या पेनानं ते अक्षर स्वतः लिहिलं आणि प्रमाणपत्र भिंतीला लावलं.

"म्हणून मी हे काम घेतलं," वहिनी म्हणाली. ती स्वतःचा एक फॉन्ट करत होती, कंपनीचा नव्हे, तिचा. आधी ती नेहमीची अडीच हजार अक्षरं पुरी करायची, मग राहिलेली, कुणाला न लागणारी. मी विचारलं, "तुझं अक्षर केलंस?"

"ते शेवटी," ती म्हणाली. "सगळा हात बसला की."

आमची अशी पाच वर्षं गेली असतील. मध्ये तिची आई वारली तेव्हा ती जाऊन आली. परत आली ती वाळलेल्या शेवाळाची पाकिटं आणि वडिलांनी दिलेली तिखटाची पूड घेऊन. आईनं ती पूड नुस्त्याच्या हुमणाला, आमच्या माशांच्या कालवणाला, घालून बघितली आणि म्हणाली, "रंग बरो येता." त्यानंतर पूड संपेपर्यंत आमच्याकडे हुमण तसंच होत राहिलं. वहिनी पोदेराशी आमच्या बोलीत हुज्जत घालायची, पाव कालचा आहे म्हणून. मला कोरियन वाचता यायला लागलं. अर्थ कळत नव्हता, पण दुकानाच्या पाट्या वाचाव्यात तसं मी तिच्या पाकिटांवरचं मोठ्यानं वाचायची आणि ती सुधारायची. माझं लग्न झालेलं नाही, सख्खी बहीण नाही. माझ्या आयुष्यात ज्याच्याजवळ मोकळेपणानं बसावं असं माणूस उशिरा आलं, पण आलं.

मग तिला पोटाचा त्रास सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं पित्त. मग बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दादाला तातडीनं बोलावून घ्यायला सांगितलं. रोग आधीच सगळीकडे पसरला होता. कोरियाला न्यायचं का, ते विचारलं, तर डॉक्टर म्हणाले इतका प्रवास तिला झेपणार नाही. ती म्हणाली, "मला इथेच राहू दे." रोज संध्याकाळी ती वडिलांशी व्हिडिओवर बोलायची. बोलण्याआधी माझ्याकडून केस विंचरून घ्यायची, ओठांना रंग लावायची. ते यायची तयारी करत होते. पासपोर्ट नव्हताच, आयुष्यात कधी लागला नव्हता. तो निघाला, व्हिसा झाला, तिकीट काढलं.

त्या दिवसांत ती मेजाकडे बसू शकत नव्हती. लॅपटॉप मांडीवर घेऊन पडल्या पडल्या दोन-चार अक्षरं करायची. एकदा मी म्हटलं, "आता राहू दे." ती म्हणाली, "हे केलं की दुखणं विसरते गो." आई तिच्या पायाशी बसून तळव्यांना खोबरेल चोळायची.

वडिलांचं विमान ज्या आठवड्यात होतं त्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली. सकाळची वेळ होती. दादा तिच्याजवळ होता. मी आतून पेज घेऊन आले तेव्हा दादा मला म्हणाला, "ठेव ती खाली." त्याच्या आवाजावरूनच मला कळलं.

वडील पोहोचेपर्यंत तिला शवागारात ठेवलं. मी दुकान उघडलं आणि तिचा बोर्ड केला, कारण आमच्या गावात तो लागतोच, आणि दुसऱ्या कुणाकडून करून घेणं मला जमलं नसतं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फोटो, खाली तिचं लग्नातलं नाव, दादाचं नाव, आडनाव, गाव. शेकडो केले असतील असे. हात आपोआप चालले.

दादा विमानतळावरून तिच्या वडिलांना घेऊन आला. बुटके, उन्हानं रापलेले, काळा सूट घातलेले. गाडीतून उतरून ते फाटकापाशी बोर्डसमोर थांबले. फोटो बघितला. मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी दादाला काही विचारलं. दादाला मोडकीतोडकी कोरियन येते. तो काही बोलला. त्यांनी परत विचारलं.

मी पुढे होऊन विचारलं, "कितें म्हणतात?"

"विचारतात, हे कोणाचं नाव."

"आणि तू कितें सांगलंस?"

"सांगलं, तिचंच. हांगचं नाव." दादानं डोळे पुसले. "आता विचारतात, तिचं नाव खंय आसा."

आई ओसरीवरून सगळं बघत होती. ती उतरून आली आणि आमच्या व्याह्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. त्यांना समजेल न समजेल याचा विचार न करता ती बोलत राहिली, "चला, व्याही. आधी पाणी घेवात. मगे सगळां करूंया. तिचां नाव करूंया."

दहन झालं. दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. काही केरीला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे सोडायच्या आणि काही त्यांच्यासोबत जायच्या असं ठरलं. त्यांच्याकडे अस्थींच्या भांड्यावर नाव लिहितात, आणि भांड्याशेजारी फोटो ठेवतात. फोटो त्यांना चांगला हवा होता, आजाराच्या आधीचा. तिचे कितीतरी फोटो माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होते. प्रिंट काढायला म्हणून ती आणून टाकायची. मी दादाला आणि त्यांना दुकानात घेऊन गेले, कॉम्प्युटरवर कोरियन कीबोर्ड चालू करून दिला, आणि बसायला कदेल त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, नाव टाईप करा, सगळे फोटो येतील. फाईलींना ती स्वतःचं नाव द्यायची, मला ठाऊक होतं.

त्यांनी एका बोटानं, सावकाश, मुलीचं नाव लिहिलं. तिन्ही खोल्या बरोबर जुळल्या. मी शोधायचं बटण दाबलं.

काहीच सापडलं नाही. पडद्यावर तसं लिहून आलं, इंग्रजीत. ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण पांढरा मोकळा पडदा त्यांना दिसला. त्यांनी परत लिहिलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दादा बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला.

मला आधी कळेना. मग मी तो फोल्डरच उघडला. फोटो सगळे होते. आणि प्रत्येक फोटोखाली तिचं नाव होतं, पण मोडलेलं. प्रत्येक खोली उघडी पडून आतली अक्षरं एकापुढे एक सांडलेली. तिनं मला एकदा हे सांगितलं होतं. तिचा लॅपटॉप फाईलींची नावं साठवताना अक्षरं सुटी करून ठेवतो, तिथे डोळ्यांना ती जुळलेलीच दिसतात. माझ्या मशीनवर आली की ती सुटीच दिसतात. आणि टाईप केलेलं जुळलेलं नाव आणि साठवलेलं सुटं नाव ही दोन्ही एकाच माणसाची आहेत, हे माझ्या मशीनला कळत नाही. त्याला ते दोन वेगळे नंबर. त्या वेळी आम्ही यावर हसलो होतो.

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी ती नावं बघितली. ते पडद्याजवळ वाकले. सुट्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ओठातल्या ओठात त्यांना जुळवून म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना प्यायला पाणी दिलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

फोटो निवडला तो तिचा हरमलच्या किनाऱ्यावरचा, स्कूटरवर बसलेला, केस वाऱ्यानं तोंडावर आलेले.

भांड्यावरचं नाव कुठल्या अक्षरांत करायचं, ते दादानंच सांगितलं. "तिच्याच फॉन्टात कर." त्याला लॅपटॉपचा पासवर्ड माहीत होता. फॉन्टाची कच्ची प्रत काढून मी माझ्या मशीनवर घातली. मला धाकधूक वाटत होती. मी नाव टाईप केलं. आडनाव आलं, तिच्या हाताचं, किंचित डावीकडे झुकलेलं, जाड रेघेची टोकं गोलसर. शेवटचं अक्षरही आलं. मध्ये एक रिकामी चौकट आली.

ती शेवटी करणार होती ना ते.

दादाला मी सांगितलं. त्यानं ते वडिलांना सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, त्याच्याकडे शब्दच थोडे. पण त्यांना समजलं. ते खूप वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या मेजावरच्या एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर ते अक्षर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी फॉन्ट बनवणारी नाही. पण ते तीन तुकडे तिनं दुसऱ्या खोल्यांमध्ये काढलेले होतेच. वरचं व्यंजन एका अक्षरात सापडलं, स्वर दुसऱ्यात, पायाशी बसणारं व्यंजन तिसऱ्यात. मी त्या तिन्ही खोल्या मोठ्या करून पडद्यावर घेतल्या, हवे ते तुकडे कापून काढले आणि रिकाम्या जागी आणून ठेवले. पहिल्यांदा ठेवले तेव्हा ते भयंकर दिसत होतं. वरचं मोठं, खालचं चेपलेलं. वडील माझ्या शेजारी बसले. भाषा नव्हतीच आमच्यात. ते बोटानं पडद्यावर दाखवायचे, वर. मी वर घ्यायची. ते मान हलवायचे, इतकं नको. थोडं खाली. स्वर जरा आत. मी एकेक केसभर सरकवत होते. एकदा मी माऊसवरून हात काढून डोळे पुसायला लागले, तेव्हा त्यांनी माझा हात परत माऊसवर ठेवला आणि हलकेच थोपटला.

वहिनीनं बघितलं असतं तर तिला त्यात चुका दिसल्या असत्या. खालचं व्यंजन अजून जरा पसरायला हवं होतं, हे मलासुद्धा दिसत होतं, पण त्याहून जास्त मला जमेना. ते मात्र थांबा म्हणाले. हातानं म्हणाले. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं, आडनावासकट, मुलीला अंगणातून हाक मारावी तसं. पायरीवरून दादा उठून आत आला.

डिचोलीला पितळेची भांडी करणारे कितीतरी आहेत. त्यातल्या एकाकडे कोरायचं मशीन होतं. आम्ही झाकणाचा लहानसा कलश घेतला. मी नावाचं नुसतं रेखाचित्र करून नेलं होतं. अक्षर म्हणून नेलं असतं तर त्याच्या मशीनवर परत फुटलं असतं किंवा मध्ये चौकट आली असती. रेघांना कुठलं मशीन तोडत नाही. त्या माणसानं पडद्यावर बघून विचारलं, "ही नक्षी सगळ्या बाजूंनी घालूं?"

"नक्षी न्हय," मी म्हटलं. "नाव ते. एकाच बाजूक."

त्यानं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. मग लाकडी पेटीतून छिन्नी काढून त्यानं ते हातानं कोरायला घेतलं. रेघ किती जाड, किती बारीक, ते दर वेळी मला विचारत होता. व्याही त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते.

ते निघाले त्या दिवशी आईनं त्यांना वाळवलेली सुंगटं बांधून दिली. विमानात चालतात की नाही ते कुणी विचारलं नाही. कलश त्यांनी सामानात टाकला नाही, कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. आई गाडीपर्यंत गेली. तिनं गाडीच्या काचेतून आत हात घातला, कलशावर ठेवला आणि सुनेचं नाव घेतलं. मधलं अक्षर तिच्या जिभेवर अडखळलं, तरी तिनं ते पूर्ण घेतलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

दादा बरेच महिने घरीच होता. तिच्या कपड्यांना हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. दुपारी तो मेजाजवळ बसायचा आणि लॅपटॉप उघडून तिनं काढलेली अक्षरं एकेक करून पुढे ढकलत राहायचा, वाचता येत नसली तरी. तिच्या कंपनीतली एक बाई त्याला लिहायची, फॉन्ट आम्ही पुरा करतो, फाईली पाठवा. त्यानं आधी उत्तर दिलं नाही. एक दिवस त्यानं आपण होऊन सगळं पाठवलं, आणि मी जुळवलेलं ते मधलं अक्षरही. त्यांनी ते काढून टाकून नवं, नीटसं घातलं असेल. घालायलाच हवं. मी विचारलेलं नाही.

मला अजून दुकानात काम करताना मागून तिचा आवाज येईल असं वाटतं. मराठी पत्रिका जुळवताना कुठलं जोडाक्षर नीट बसलं नाही की माझी मान आपसूक दाराकडे वळते. नंतर तसंच बसून मी काम पुढे रेटते.

यंदा दादा परत बोटीवर गेला. आईचं मन नव्हतं, पण ती म्हणाली, जाऊ दे, घरात बसून तो वाळत चालला आहे. बोट त्यांच्याकडच्या बंदराला लागली तेव्हा तो सुट्टी काढून व्याह्यांच्या गावी गेला. तिथून त्यानं फोन केला. बागेत थंडी आहे म्हणाला, झाडांना पानं नाहीत. कलश जिथे ठेवलाय तिथे ते दोघं जाऊन आले. पलीकडे कुणीतरी ताटं मांडत असल्याचा आवाज येत होता.

आईनं माझ्याकडून फोन घेतला. "जेवलंस काय?" तिनं विचारलं.

"जेवपाक बसतां आता. ते वाट बघतात."

"मगे बस," आई म्हणाली. "तांका एकटे जेवूंक दिऊं नको."